ऑटो गिअर अडखळतो तेव्हा...

मंगरूळपीर : सकाळी गाडी दारातून बाहेर काढायची घाई असते. इंजिन सुरू होते, गिअरची दांडी 'डी'वर जाते, पण गाडी जागची हलत नाही. कधी ती हलते, मात्र दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना असा हिसका देते की मागच्या सीटवरची मंडळी पुढे येतात. 'गिअरबॉक्स गेला' असे निदान मग शेजारीपाजारीच करून टाकतात आणि मोठ्या खर्चाचे आकडे कानावर पडू लागतात. पुण्या-नागपुरात अशा वेळी निदान चार ठिकाणी विचारणा तरी करता येते. मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावी ऑटो गिअरचे काम अंगवळणी पडलेला कारागीर सहज सापडत नाही. दुखणे मोठे असेल तर वाशीम किंवा सत्तरएक किलोमीटरवरील अकोल्याची वाट धरावी लागते, तीही टोचन करून.

वास्तविक, ऑटो गिअरच्या अनेक तक्रारींचे मूळ गिअरबॉक्सच्या बाहेर असते. अशक्त झालेली बॅटरी, ब्रेकच्या पेडलमागचा छोटा स्विच, उंदरांनी कुरतडलेली वायर, कमी झालेले किंवा चुकीचे भरलेले तेल यांपैकी काहीही गाडीला जागेवर खिळवू शकते. ही कारणे घराच्या अंगणात, फारशी हत्यारे न वापरता तपासता येतात. पण त्याआधी आपल्या गाडीत नेमका कोणत्या जातीचा ऑटो गिअर आहे, हे ठाऊक असणे अत्यावश्यक आहे. घरगुती दुरुस्तीतल्या महागड्या चुका बहुधा इथेच होतात.

एक नाव, चार यंत्रे

विदर्भातल्या घरांना ऑटो गिअरची पहिली ओळख मोटारीने नव्हे, स्कूटरने करून दिली. पुण्याच्या फिरोदिया घराण्याची कायनेटिक आणि जपानची होंडा या कंपन्यांनी १९८४ मध्ये एकत्र येऊन बिनगिअरची स्कूटर आणली. पुढे २००१ पासून होंडाच्या अॅक्टिव्हाने हाच प्रकार गावोगावी नेला. या स्कूटरच्या डाव्या बाजूच्या झाकणाखाली दोन पुली आणि एक रबरी पट्टा असतो. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या पुलीतले छोटे रोलर बाहेर सरकतात, पुलीच्या दोन चकत्या जवळ येतात आणि पट्टा वर चढतो. गिअर बदलतो तो असा, एकही दाता न बदलता. पट्टा झिजला की इंजिन नुसते ओरडते व गाडी मागे पडते; रोलर एका बाजूने चपटे झाले की पिकअप जातो; क्लचचे शू गुळगुळीत झाले की उठताना थरथर होते. मंगरूळपीरच्या कोणत्याही दुचाकी कारागिराला हे काम पाठ आहे.

मोटारीचे तसे नाही. मोटारीतला ऑटो गिअर चार प्रकारचा असतो. सर्वांत जुना प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९३९ मध्ये 'हायड्रा-मॅटिक' या नावाने जगातील पहिला मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला ऑटो गिअर आणला, आणि तेलाच्या दाबावर गिअर बदलण्याचे त्याचे तत्त्व या प्रकारात आजही टिकून आहे. दुसरा प्रकार सीव्हीटी, म्हणजे स्कूटरच्याच तत्त्वाचा मोठा भाऊ. फरक इतकाच की रबरी पट्ट्याऐवजी पोलादी पट्टा किंवा साखळी, आणि तीही तेलात बुडालेली. तिसरा, दोन क्लचचा डीसीटी. चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयमुळे २०१३ मध्ये तो मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आला. आणि चौथा एएमटी. मारुती सुझुकीने फेब्रुवारी २०१४ मध्ये सेलेरिओ या मोटारीत तो भारतात प्रथम दिला. त्याच वर्षी टाटा झेस्टमध्ये व २०१५ मध्ये नॅनोतही तो आला, आणि लहान मोटारींच्या बाजारात त्याने पाहता पाहता जम बसवला. नेहमीच्या गाडीपेक्षा साधारण अर्धा लाख रुपये जास्त मोजून क्लचचे पेडल नाहीसे होते, हे त्याचे आकर्षण.

आपल्याकडे कोणता प्रकार आहे हे माहितीपुस्तकात लिहिलेले असतेच. पुस्तक हरवले असेल तर गिअरच्या दांडीकडे पाहावे. तेथे 'पी' हे अक्षर नसेल, केवळ 'आर', 'एन', 'डी' किंवा 'ए' आणि 'एम' असेल, तर बहुधा एएमटी समजावा. 'पी' असेल तर उरलेल्या तिघांपैकी एक. वेग वाढवताना गिअर पडल्याचे मुळीच जाणवत नसेल आणि इंजिनाचा आवाज आधी चढून गाडी नंतर पळत असेल तर ती सीव्हीटी. 'गिअर पडतच नाहीत' अशी तक्रार घेऊन सीव्हीटीचे नवे मालक गॅरेज गाठतात, तेव्हा त्यांच्या गाडीत बिघाड नसतो. गिअरच नसतात!

आधी बॅटरी, मग बाकीचे

चारही प्रकारांत गिअर कधी बदलायचा हे एक छोटा संगणक ठरवतो आणि त्याला पुरेशी वीज लागते. एएमटीत तर क्लच दाबण्याचे कामही विजेवरच चालते. त्यामुळे बॅटरी खालावली की इंजिन कसेबसे सुरू होते, पण गिअर मात्र आढेवेढे घेतो. अकोला-वाशीम पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रू. उन्हाळ्यात खंगलेली बॅटरी मग पावसाळ्यात किंवा थंडीच्या पहिल्या सकाळी दगा देते.

साधा मल्टिमीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर ती भरलेली आहे. १२.२ च्या खाली असेल तर ती चार्ज करून पुन्हा तपासावी. इंजिन सुरू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवा. तो वर चढत नसेल तर दोष अल्टरनेटरकडे आहे. काही नव्या गाड्या इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग कमी-जास्त करतात, तेव्हा क्षणभर आकडा खाली दिसला म्हणून घाबरू नये. टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर साचला असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून तो धुवावा. काढताना आधी ऋण वायर व जोडताना ती शेवटी, हा क्रम मोडू नये. बॅटरी सोडवून पुन्हा जोडल्यावर काही गाड्यांचा गिअर पहिले काही किलोमीटर थोडा बावचळल्यासारखा वागतो. संगणकाने शिकलेल्या सवयी पुसल्या गेलेल्या असतात. त्या तो पुन्हा शिकतो.

दुसरी तपासणी त्याहून सोपी आहे. एकाने ब्रेक दाबावा, दुसऱ्याने मागे उभे राहून लाल दिवे पाहावेत. दिवे लागत नसतील तर गाडी न हलण्याचे कारण तिथेच सापडण्याची शक्यता आहे. ब्रेक दाबल्याची खूण संगणकाला ब्रेकच्या स्विचकडून मिळते. ही खूण पोहोचली नाही तर एएमटी गाडी सुरू होत नाही किंवा 'डी' स्वीकारत नाही. 'पी' असलेल्या गाडीत दांडी 'पी'वरून निघत नाही. अशा वेळी फ्यूज पाहावा, मग स्विच. स्विच स्वस्त असतो आणि साधा कारागीरही तो बदलू शकतो. 'पी'त अडकलेल्या गाडीसाठी दांडीशेजारी बहुधा एक लहान खाच असते. तिच्यावरचे झाकण काढून आत स्क्रू ड्रायव्हर किंवा चावी दाबली की दांडी सुटते. हँडब्रेक ओढल्याशिवाय मात्र हा प्रयोग करू नये.

तिसरी गोष्ट गावाकडची. सोयाबीन, तूर किंवा ढेप साठवलेल्या खोलीशेजारी गाडी उभी राहत असेल तर बॉनेट उघडून वायरींवरून एकदा हात व टॉर्च दोन्ही फिरवावे. गिअरबॉक्सवरच्या सेन्सरच्या वायरी बारीक असतात आणि उंदरांना वायरींचे आवरण कुरतडायला फार आवडते. एक वायर तुटली तरी संगणक गोंधळतो आणि गाडीला सावधगिरीच्या अवस्थेत टाकतो. मग गाडी एकाच गिअरवर रखडते आणि पडद्यावर दातेरी चाकाची किंवा इंजिनाची खूण पेटते.

एएमटी : ओळखीच्या गिअरबॉक्सवर परका हात

एएमटीविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत, आणि लहान गावात कामी येणारी गोष्टही हीच आहे. एएमटीच्या आत जो गिअरबॉक्स असतो तो नेहमीच्या हाताच्या गिअरचाच. तोच क्लच, त्याच प्लेटा, तेच दाते. फरक एवढाच, की क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात यांची जागा एका यंत्रणेने घेतलेली असते. मारुतीच्या सुरुवातीच्या एएमटीत ही यंत्रणा इटलीच्या मॅग्नेटी मारेली या कंपनीची होती. त्यात विजेवर चालणारा छोटा पंप तेलाचा दाब तयार करतो, तो दाब एका बंद डब्यात साठवला जातो आणि झडपांमार्गे क्लच व गिअरपर्यंत पोहोचवला जातो. काही कंपन्यांनी तेलाऐवजी थेट विजेच्या मोटारी वापरल्या आहेत. त्यांना पुढची पंपाची परीक्षा लागू नाही.

ही परीक्षा कानाने करायची आहे. सकाळी परिसर शांत असताना चालकाच्या बाजूचे दार उघडावे. बॉनेटखालून दोन-चार सेकंद 'घुर्रर्र' असा आवाज येतो. नव्या मालकांना तो बिघाड वाटतो, पण तो पंपाने दाब भरल्याचा आवाज आहे आणि यंत्रणा जिवंत असल्याची खूण आहे. आवाज येतच नसेल आणि गिअरही पडत नसेल, तर बॅटरी, पंपाचा फ्यूज व रिले या क्रमाने पाहावे. दार उघडल्याचा दिवा पडद्यावर लागतो का, हेही पाहावे. कारण पंपाला उठवणारा इशारा त्याच स्विचकडून येतो.

याउलट, चावी फिरवून इंजिन बंद ठेवले, दांडी 'एन'वर ठेवली, कशालाही हात लावला नाही आणि तरीही पंप दर काही सेकंदांनी पुन्हा पुन्हा सुरू होत राहिला, तर दाब कुठेतरी निसटतो आहे. एक तर दाब साठवणारा डबा थकला आहे, नाही तर झडपांतून वा जोडांतून गळती आहे. असा पंप सतत राबून शेवटी जळतो. डबा वेळेत बदलला तर खर्च तेवढ्यावर थांबतो. पंप जळाला की तोही त्यात जोडला जातो. घरी करण्यासारखे काम एवढेच, की जोडांवर व डब्याखाली ओलावा दिसतो का ते पाहणे. दाबाखालचे हे तेल चाळीस बारच्या आसपास किंवा त्याहून अधिक जोराने कोंडलेले असते, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास वीस पट. यंत्रणा जागी असताना कोणताही जोड सैल करणे धोक्याचे आहे.

या तेलाच्या टाकीची पातळी पाहतानाही एक फसगत होते. पंपाने दाब भरला की टाकीतले तेल डब्यात जाते आणि पातळी खाली दिसते. ते पाहून वरून तेल ओतले, की दाब उतरल्यावर टाकी भरून वाहू लागते. म्हणून पातळी माहितीपुस्तकात सांगितलेल्या अवस्थेतच मोजावी. हेही लक्षात ठेवावे, की एएमटीत दोन वेगळी तेले असतात : गिअरबॉक्सचे नेहमीचे गिअर ऑइल आणि या यंत्रणेचे खास हायड्रॉलिक तेल. 'ऑटो गिअरचे ऑइल द्या' असे दुकानात मोघम सांगून आणलेली लाल रंगाची बाटली या दोन्हींपैकी एकाही जागी ओतायची नसते.

क्लच झिजला हे कसे ओळखावे? सपाट, मोकळ्या रस्त्यावर दांडी 'एम'वर घ्यावी, तिसऱ्या गिअरवर ताशी ३५-४० किलोमीटरला गाडी आणावी आणि अॅक्सिलरेटर जोरात दाबावा. पडद्यावर गिअरचा आकडा तीनच राहिला, इंजिनाचा काटा झपाट्याने वर गेला, पण गाडी त्या प्रमाणात पळाली नाही, तर क्लच घसरतो आहे. आकडा तिनाचा दोन झाला तर ही परीक्षा निकामी ठरते. गाडीने स्वतःच गिअर उतरवलेला असतो. उठताना थरथर आणि चढावर जळका वास ही पुढची लक्षणे.

हा क्लच लवकर झिजण्याला पुष्कळदा चालकाची सवय कारण असते. पातूरच्या घाटात वाहनांची रांग लागली की ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर हलकासा पाय ठेवून गाडी चढावर धरून ठेवणारे चालक नेहमी दिसतात. हाताच्या गिअरमध्ये अर्धा क्लच दाबून उभे राहावे, तसेच हे आहे. फक्त पायाला ते जाणवत नाही. गावातल्या यात्रेच्या दिवसांत, दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्याकडे जाणाऱ्या गर्दीत, इंच इंच पुढे सरकतानाही तेच घडते. पुढची गाडी थोडी लांब जाऊ द्यावी आणि मग एकदाच पुढे जावे, हे अधिक बरे. थांबलेल्या गाडीचा हँडब्रेक ओढून दांडी 'एन'वर घ्यावी.

क्लच बदलण्याचे काम मात्र गावात होऊ शकते, निदान अर्धे. गिअरबॉक्स उतरवणे, प्लेटा बदलणे, पुन्हा बसवणे हे हाताच्या गिअरचा जाणता कारागीर करू शकतो. उरलेले अर्धे काम संगणकाचे. नवा क्लच नेमका कुठे पकडतो, हे यंत्रणेला निदान यंत्र जोडून शिकवावे लागते. ते न करता गाडी बाहेर काढली तर नवा क्लच असूनही ती हिसके देते आणि मग 'पार्ट डुप्लिकेट निघाला' असा ठपका बिचाऱ्या दुकानदारावर येतो. त्यामुळे काम देण्यापूर्वी कारागिराला एकच प्रश्न विचारावा : शिकवणी कोण करणार? त्याच्याकडे वा ओळखीत तसे यंत्र असेल तरच गाडी उघडू द्यावी.

लाल तेलाची भाषा

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत तेल हेच सर्वस्व असते. तेच जोर वाहून नेते, तेच गिअर बदलते, तेच यंत्र थंड ठेवते. 'एन'वरून 'डी'वर घेतल्यावर गाडीने हलकी चाल घ्यायला साधारण सेकंद-दीड सेकंदापेक्षा जास्त वेळ लागत असेल, सकाळी थंड असताना गिअर उशिरा पडत असेल किंवा वळणावर अचानक जोर तुटत असेल, तर पहिला संशय कमी झालेल्या तेलावर घ्यावा.

जुन्या गाड्यांत या तेलाची वेगळी पट्टी असते. इंजिनच्या ऑइलची पट्टी ती नव्हे. दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून तेल गरम करावे. सपाट जागी उभी करून, हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबलेला ठेवून दांडी प्रत्येक खाचेतून एकदा फिरवावी आणि 'पी'वर आणावी. इंजिन सुरूच ठेवून पट्टी बाहेर काढावी, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी, पुन्हा घालून काढावी. इंजिन सुरू ठेवून मोजायचे, हे वाचून अनेकजण बिचकतात. पण बहुतेक गाड्यांत रीत तीच आहे. पुस्तकात वेगळे सांगितले असेल तर पुस्तकाचे ऐकावे.

पट्टीवरचे तेल पांढऱ्या कागदावर टिपावे. लालसर व स्वच्छ असेल तर उत्तम. गडद तपकिरी आणि जळक्या वासाचे असेल तर आतल्या प्लेटा तापल्या आहेत. त्यात चकाकणारी धातूची कणी दिसली तर प्रकरण घरच्या आवाक्याबाहेर गेले. तेल दुधाळ गुलाबी दिसले, तर इंजिन लगेच बंद करावे. अनेक गाड्यांत हे तेल रेडिएटरमधल्या नळीतून थंड केले जाते. ती नळी आतून फुटली की कूलंट तेलात शिरते आणि प्लेटांचे अस्तर सुटू लागते. असा गिअरबॉक्स आणखी पन्नास किलोमीटर चालवून अकोल्याला नेण्याचा हट्ट फार महागात पडतो.

कमी असलेले तेल भरतानाही घाई नको. पट्टीच्या खालच्या व वरच्या खुणेत अर्ध्या लिटरच्या आसपासच अंतर असू शकते. नरसाळ्याने थोडे थोडे घालावे आणि दर वेळी मोजावे. जास्त झालेले तेल आतल्या फिरत्या भागांनी घुसळले जाते, त्याला फेस येतो आणि फेसाला दाब धरता येत नाही. म्हणजे कमी तेलाची आणि जास्त तेलाची लक्षणे अखेर सारखीच! मुळात तेल कमी झाले याचा अर्थ ते कुठेतरी गेले. गाडीखाली रात्री पुठ्ठा अंथरून सकाळी डाग कुठे पडला ते पाहावे.

नव्या गाड्यांत पुष्कळदा पट्टीच नसते. त्यांची पातळी गाडी समतल उचलून, तेलाचे तापमान ठरावीक अंशांवर असताना तळाचा बोल्ट उघडून पाहतात. नुसत्या जॅकवर गाडी उचलून हे करण्याचा मोह टाळावा. गाडी तिरकी राहते, पातळी चुकते, आणि जॅक घसरला तर प्रसंग जिवावर बेततो. जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नये. खाली भक्कम स्टँड व चाकांना दगड हवेतच.

सीव्हीटी व डीसीटी यांच्याबाबत घरी करण्यासारखे फार नाही. सीव्हीटी सावकाश वेगात थरथरत असेल तर तेल बदलण्याची मुदत टळली आहे का, एवढे पाहावे. तिचे तेल वेगळे असते. साधे ऑटोचे लाल तेल भरले तर पोलादी पट्ट्याची पकड सुटते आणि पुलीवर कायमचे चरे पडतात. कोरड्या क्लचचा डीसीटी कोंडीत तापतो, पडद्यावर तशी सूचना येते. गाडी बाजूला घेऊन, 'पी'वर ठेवून तो निवू द्यावा. हे वारंवार होत असेल तर मात्र सेवा केंद्र गाठावे.

दोष दुसऱ्याचा, आळ गिअरवर

'डी'वर घेताना 'ठक्' असा आवाज आला म्हणजे गिअरबॉक्सच खराब असे नाही. इंजिन ज्या रबरी आधारांवर बसवलेले असते ते फाटले तरी अगदी तसाच आवाज येतो. बॉनेट उघडून एकाने बाजूला उभे राहावे, दुसऱ्याने हँडब्रेक व ब्रेक पक्के दाबून दांडी 'डी'वरून 'आर'वर घ्यावी. इंजिन जागेवर मोठी उसळी मारत असेल तर आधार तपासावेत. गाडीसमोर मात्र कोणीही उभे राहू नये. एकसारख्या वेगाने जाताना बसणारे बारीक झटके अनेकदा स्पार्क प्लग वा कॉइलचे असतात. वळताना होणारी 'कट् कट्' चाकाच्या ड्राइव्ह शाफ्टच्या जोडाची असते.

संशय फेडायला एक लहानसे निदान यंत्र उपयोगी पडते. गेल्या दशकभरातील बहुतेक मोटारींत स्टिअरिंगखाली निदानाचा सॉकेट असतो. हजार रुपयांच्या आसपास मिळणारे ब्लूटूथ यंत्र त्यात बसवले की मोबाइलवर संकेतांक वाचता येतात. 'पी ०७००' म्हणजे गिअरच्या नियंत्रणात काहीतरी नोंदले गेले, एवढेच. ते निदान नव्हे. 'पी ०७१५' आत येणारा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडे बोट दाखवतो. सेन्सर, त्याची वायर वा जोड यांत दोष असू शकतो. 'पी ०७३०' म्हणजे संगणकाने मागितलेला गिअर आणि प्रत्यक्ष मिळालेला गिअर जुळत नाहीत. स्वस्त यंत्रे काही गाड्यांत केवळ इंजिनचेच संकेतांक वाचतात, हे ध्यानात असू द्यावे. आणि संकेतांक पुसण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे. पुसलेला संकेतांक म्हणजे डॉक्टरकडे जाण्याआधी फाडून टाकलेला रिपोर्ट!

टोचन करताना

गाडी न्यावीच लागली, तर ती कशी नेली यावर पुढचे बिल अवलंबून असते. एएमटी गाडी धक्का मारून सुरू होत नाही. बॅटरी उतरली असेल तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचाच आधार घ्यावा. गिअर अडकलेल्या अवस्थेत बॅटरी मेली तर गाडी ढकलताही येत नाही. टॉर्क कन्व्हर्टर व सीव्हीटीच्या गाड्या दोरीने लांबवर ओढणे तर सर्वस्वी वर्ज्य. त्यांचा तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरली तर आतले भाग कोरडेच घासले जातात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पुढची चाके उचललेली हवीत, आणि सपाट पाठीची गाडी मिळाली तर सर्वांत उत्तम. समृद्धी महामार्ग तालुक्यात शेलूबाजारजवळून जातो. तिथे वेगात असताना गिअरचा दिवा पेटला तर अॅक्सिलरेटर सोडून, इंडिकेटर देऊन गाडी हळूहळू डावीकडे घ्यावी. चालत्या गाडीत दांडीशी खेळू नये. उभे राहून इंजिन बंद करून काही मिनिटांनी पुन्हा सुरू केल्यास दोष तात्पुरता असेल तर गाडी पूर्ववत चालते. मात्र तेवढ्यावर पुढचे दोनशे किलोमीटर गाठण्याचा बेत करू नये.

वॉरंटीतली गाडी घरी उघडू नये, हे वेगळे सांगायला नको. बाहेरून पाहणे, ऐकणे, मोजणे एवढे पुरे. सेवा केंद्रात जाण्यापूर्वी हिसका कोणत्या गिअरवर, थंड असताना की गरम झाल्यावर, चढावर की सपाटीवर येतो, हे कागदावर लिहून न्यावे. मोबाइलवर पडद्याची चित्रफीत काढली असेल तर फारच चांगले, कारण कारागिरासमोर गाडी नेमकी शहाण्यासारखी वागते. संपूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचा सल्ला मिळाला तर सापडलेले संकेतांक आणि अंदाजपत्रक लेखी मागावे, पंप, डबा, झडपा किंवा सेन्सर सुटा बदलता येतो का ते विचारावे आणि काढलेला जुना भाग परत मागावा. एवढे करूनही सदोष सेवा मिळाली, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा पातळीवरच चालते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रारीसोबत बिल, अंदाजपत्रक आणि संकेतांकाचे ते छायाचित्र जोडावे.